वाचनालयातले बारा पीसी: इमेज होती, तरी अडीच दिवस गेले

एका सार्वजनिक वाचनालयातले बारा पीसी मी सांभाळतो, पूर्णवेळ नाही, आठवड्यातून दोन चकरा आणि मधे काही अडलं की फोन. लोक येतात, पाळी आली की बसतात, फॉर्म भरतात, प्रिंट काढतात, मेल बघतात, जातात. एका खुर्चीवर दिवसाला सात-आठ वेगवेगळी माणसं बसतात आणि त्यातलं कोणीच तो पीसी आपला समजत नाही, त्यामुळे घरचा कॉम्प्युटर पाच वर्षांत जेवढा मळतो तेवढा हा सहा महिन्यांत मळतो. हे प्रकरण सोमवारी सकाळी बारापैकी पाच बंद सापडले तिथून सुरू होतं आणि बुधवारी दुपारी सगळे चालू झाले तिथे अर्धं संपतं, उरलेलं अर्धं म्हणजे नंतर आम्ही काय बदललं ते. आधीच सांगून टाकतो की आमच्याकडे बॅकअप होता (‘इमेज’, म्हणजे अख्ख्या डिस्कची विंडोजसकट घेतलेली प्रत), चांगला चालणारा होता, एकदाही करप्ट निघाला नाही.

थोडं मागचं सांगायला लागेल. १ ते ९ नंबर एकाच मॉडेलचे, एकदमच घेतलेले, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. १० ते १२ नंतर आलेले, वेगळं मॉडेल. पूर्वी सगळ्यांवर फ्रीज करणारं सॉफ्टवेअर होतं, डीप फ्रीझच्या जातीतलं, म्हणजे दिवसभर कोणी काही का गोंधळ घालेना, रिस्टार्ट मारला की पीसी जसाच्या तसा. जुन्या लोकांना मायक्रोसॉफ्टचं स्टेडीस्टेट आठवत असेल, एक्सपी आणि व्हिस्टावर चालायचं, फुकट होतं आणि हेच काम करायचं, २०१० संपताना त्यांनी ते बंद केलं. तर आमच्याकडचं फ्रीजिंग मी स्वतः काढलं होतं. कारण काय, तर विंडोजचे अपडेट रोज सकाळी उतरायचे, रिस्टार्टला उडायचे, दुसऱ्या दिवशी तेच अपडेट परत, आणि बारा पीसींचं हे रडगाणं चालू असताना नेट मुंगीच्या चालीने. अपडेटसाठी रात्री ठरावीक वेळ फ्रीज काढायची सोय त्यात होती, ती बसून लावायला हवी होती. मी म्हटलं दोन आठवडे काढून ठेवू, मग निवांत लावू. ते निवांत काही आलंच नाही.

त्या शनिवार-रविवारी वीज बराच वेळ गेली होती. सोमवारी उघडल्यावर काउंटरवरच्या ताईंचा फोन आला, “पाच सुरू होत नाहीत, तू ये.” गेलो तर ४ नंबर ऑटोमॅटिक रिपेअरच्या चक्रात फिरतोय, ५ नंबरच्या डिस्कमधून टक टक आवाज, आणि ६, ७, ९ वर निळी स्क्रीन, खाली लिहिलेलं ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. मी काय समजलो असेन ते उघड आहे. वीज गेली, डिस्कवरचं विंडोज उडालं, पाचही ठिकाणी. खणात एक्स्टर्नल डिस्क होती, तिच्यावर मार्करने लिहिलेलं ‘फायनल नवीन २’, त्यात क्लोनझिलाने (डिस्कची इमेज घेणारं आणि परत उतरवणारं सॉफ्टवेअर) घेतलेली १४ महिन्यांपूर्वीची इमेज. म्हटलं चला, ह्याच दिवसासाठी तर ठेवली होती.

४ नंबरला रिस्टोर मारला, चाळीस मिनिटं लागली (डिस्क पुढच्या यूएसबी २ च्या पोर्टला लावलेली, आणि क्लोनझिला आधी इमेज तपासतो त्यात वेळ जातो), झाला सुरू. मग ६ नंबर. चाळीस मिनिटं. परत तीच निळी स्क्रीन. मला वाटलं रिस्टोर नीट झाला नसेल, परत मारला. आणखी चाळीस मिनिटं, तीच स्क्रीन. मग म्हटलं ६ च्या डिस्कमध्येच काहीतरी असेल, ७ करून बघू, ७ वर मारला, तीच स्क्रीन. लोक मागे उभे, ताई दर वेळी माझ्याकडे बघतायत, आणि मी त्याच त्याच ठिकाणी डोकं आपटतोय.

उलगडा झाला तो तारखेमुळे. बूट ऑर्डर बदलायला बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारं, बोर्डावरचं सेटिंग) शिरलो होतो तेव्हा कोपऱ्यातली तारीख कित्येक वर्षं मागची दिसली. सीएमओएसचा सेल मेलेला, म्हणजे बोर्डावर ही तारीख आणि सेटिंग जपणारा तो गोल नाण्यासारखा सीआर २०३२. आता ६, ७, ९ तिन्हींचे सेल एकाच दिवशी कसे गेले? तर गेलेच नव्हते, आधीच कधीतरी मेले होते. प्लगला वीज असेपर्यंत पीसी बंद असला तरी बोर्डाला थोडा पुरवठा चालू असतो आणि सेटिंग त्यावर टिकून राहतं, सेल संपलाय हे कळतच नाही. शनिवार-रविवारी वीज पूर्ण गेली आणि तिन्ही बायोस फॅक्टरी सेटिंगवर गेले. त्या मॉडेलच्या फॅक्टरी सेटिंगमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) रेडवर (RAID) असतो, आमचं विंडोज टाकलेलं एएचसीआयवर, त्यामुळे विंडोजला स्वतःचीच डिस्क दिसेना. डिस्कवर सगळं शाबूत होतं. मोड बदलून एएचसीआय केला आणि ९ नंबर दोन मिनिटांत सुरू झाला, त्याला मी हातसुद्धा लावला नव्हता.

आता ह्यात वेळ गेला हे एक, पण खरं दुखणं वेगळं. संध्याकाळी कॉलेजमधली एक मुलगी आली, म्हणाली, “दादा, शनिवारी ७ नंबरवर माझा प्रोजेक्ट रिपोर्ट सेव्ह केला होता, डेस्कटॉपवर, पेन ड्राइव्ह विसरले होते म्हणून.” मी विचारलं मेल केला होता का स्वतःला. नाही. आता तिला काय सांगणार, की तुझी फाइल सकाळी दहा वाजेपर्यंत होती, वीज गेल्याने काही झालं नव्हतं, मी पुसली. सांगितलं तसंच. ती काही बोलली नाही, नुसती मान हलवली, त्याने जास्त वाईट वाटलं.

प्रयत्न करून बघितला. क्लोनझिला ५०० जीबीच्या डिस्कवर भरलेले ब्लॉकच लिहितो, आमच्या इमेजमध्ये ते ४६ जीबी होते, म्हणजे बाकीच्या जागेवर जुना डेटा अजून पडलेला असू शकतो. ७ नंबरची डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली आणि रात्रभर फोटोरेक चालवलं, ते फाइलींची नावं बघत नाही, फाइलीची सुरुवात कशी दिसते त्यावरून उकरून काढतं, त्यामुळे नावं सगळी आकड्यांची. सकाळी वर्डच्या सहाशेच्या वर फाइली. पहिल्या चार उघडल्या आणि थांबलो. एकात कोणाचातरी नोकरीचा अर्ज, एकात कोणाच्यातरी आजारपणाची माहिती, एकात पत्ता आणि ओळखपत्राचा नंबर. हे सगळे वाचनालयात बसून टाइप करून, ‘डिलीट’ दाबून, निश्चिंत मनाने घरी गेलेले लोक. तिची फाइल शोधायला मला ह्या सहाशे जणांची कागदपत्रं चाळावी लागली असती. मी तिला बसवून तारखेच्या अंदाजाने काही दाखवायचा विचारही केला होता, तो तिथेच सोडला. फक्त तिच्या रिपोर्टच्या शीर्षकातले दोन शब्द फाइलींच्या आतल्या मजकुरात शोधायला लावले, काही मिळालं नाही, मग सगळं पुसलं, डिस्कवरची रिकामी जागासुद्धा शून्यांनी भरून टाकली. फ्रीजिंग चालू असतं तर तिची फाइल तेव्हाही गेलीच असती, हे खरं, पण तेव्हा तिला आधी माहीत असतं.

मंगळवार आणखी वाईट. सकाळी ताईंनी हाक मारली, “अरे, ४ नंबरवर हे कोणाचं मेल उघडलंय? सकाळपासून तिथे कोणी बसलेलंच नाही.” बघतो तर खरंच, ब्राउझर उघडला की थेट एका माणसाचा इनबॉक्स. म्हणजे १४ महिन्यांपूर्वी मी इमेज घेतली ती संध्याकाळी वाचनालय बंद झाल्यावर, रोजच्या वापरातल्या पीसीवरून, आणि त्याआधी शेवटी बसलेला माणूस साइन आउट न करता गेलेला. त्याचं लॉगिन इमेजमध्ये गोठलं. आता ज्या पीसीवर मी ही इमेज मारणार तिथे तिथे त्याचा मेल उघडा. लोक म्हणतात ब्राउझर कुकी (लॉगिन लक्षात ठेवणारी नोंद) एन्क्रिप्ट करतो, करतो ना, पण किल्ली विंडोजच्या त्याच प्रोफाइलमध्ये असते आणि इमेजमध्ये कुलूप-किल्ली दोन्ही एकत्रच येतात. ४ नंबर सोडून चालू असलेल्या सगळ्या पीसींची नेटची केबल काढली, ४ वरून त्या खात्यातून साइन आउट केलं (सेशन एकच असल्याने ते एका जागी बंद केलं की सगळ्या प्रतींमधलं मरतं, हे नशीब), आणि वाचनालयाच्या मेलवरून त्या माणसाला कळवलं की असं असं झालंय, पासवर्ड बदला. ‘फायनल नवीन २’ तिथेच रद्द.

बाकीच्या कटकटी पटापट सांगतो. ४, ६, ७ ह्या तिघांचं नेटवर्कवरचं नाव एकच झालं कारण इमेज घेताना सिसप्रेप (क्लोन करायच्या आधी विंडोजमधून त्या एका पीसीची ओळख काढणारं मायक्रोसॉफ्टचं टूल) केलं नव्हतं, आणि प्रिंट मोजणारं सॉफ्टवेअर एकाच्या प्रिंट दुसऱ्याच्या खात्यावर टाकायला लागलं. इथे कोणीतरी एसआयडीचं (विंडोजचा पीसीला असलेला ओळख क्रमांक) भूत काढेलच, सारखा एसआयडी म्हणजे अनर्थ वगैरे, तर मायक्रोसॉफ्टच्या मार्क रुसिनोविच यांनी २००९ मध्येच सविस्तर लिहून स्वतःचं न्यूएसआयडी हे एसआयडी बदलणारं टूल बंद केलं होतं, की ही भीती बहुतांशी फुकटची आहे म्हणून. सिसप्रेप करायचं ते तरी करायचंच, मायक्रोसॉफ्टला क्लोन केलेलं विंडोज त्याशिवाय मान्य नाही, पण आम्हाला त्या दिवशी चावलं ते साधं नाव. दुसरं, १४ महिन्यांचे अपडेट सगळे एकदम उतरायला लागले आणि चालू पीसींचंही नेट बसलं. आणि ५ नंबर, टकटक वाला, त्याची डिस्क गेलीच होती, जागेवर २४० जीबीची एसएसडी लावली तर क्लोनझिला म्हणतो डिस्क लहान आहे. भरलेला डेटा ४६ जीबी, नवीन डिस्क २४०, तरी नाही, कारण तो मूळ पार्टिशन केवढं होतं ते बघतो, त्यात किती भरलंय ते नाही. शेवटी ५०० च्या दुसऱ्या डिस्कवर उतरवून, पार्टिशन आक्रसून, मग त्याची परत इमेज. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटने तर निम्म्याच्या खाली आक्रसायला नकार दिला, मधेच कुठेतरी न हलणारी फाइल बसलेली, जीपार्टेड ह्या दुसऱ्या टूलने केलं. ती प्रत हाताने साफ करून पाचावर लावली. बुधवारी दुपारी बाराही पीसी चालू.

त्या आठवड्यात मी बसून हिशोब केला की अडीच दिवसांपैकी खरोखर रिस्टोरला किती वेळ लागला. गरज नसलेले रिस्टोर धरूनसुद्धा साडेतीन-चार तास. बाकी सगळा वेळ गेला तो इमेजमध्ये काय नाही ते शोधण्यात आणि इमेजमध्ये जे नको होतं ते काढण्यात. बायोस इमेजमध्ये येत नाही, पीसीचं नाव आलं ते नको होतं, कोणाचंतरी लॉगिन आलं ते तर बिलकुलच नको होतं.

म्हणून नवीन मास्टर इमेज करताना पहिला नियम केला की जिथे एकदाही वाचक बसलाय त्या पीसीवरून इमेज घ्यायची नाही. एक पीसी आत नेला, डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकलं, सिस्टिम पार्टिशन फक्त १०० जीबीचं, मागे जागा मोकळी, म्हणजे उद्या कुठलीही छोटी एसएसडी लावली तरी घोडं अडायला नको. हायबरनेशन बंद केलं, त्यामुळे फास्ट स्टार्टअपही बंद होतं, नाहीतर विंडोज ‘शटडाउन’ म्हणून अर्धवट झोपतं आणि क्लोनझिला ते पार्टिशन घ्यायला कुरकुर करतो. ब्राउझरचं पासवर्ड सेव्ह करणं पॉलिसीने बंद, खिडकी बंद केली की सगळं साफ. प्रत्येक पायरी वहीत, तारखेसकट, अगदी ‘प्रिंटरचा ड्रायव्हर इन्स्टॉल करताना नेट बंद ठेवायचं’ इथपर्यंत, कारण इमेज हरवली तरी वहीवरून परत उभी करता येते, उलटं होत नाही.

सिसप्रेपने एक तास खाल्ला. कारण मधे नेट चालू राहिलं आणि स्टोअरच्या एका ॲपने स्वतःला फक्त त्या एका युजरसाठी अपडेट करून घेतलं, मग सिसप्रेप अडून बसलं, ते ॲप काढलं तेव्हा कुठे पुढे गेलं. तेव्हापासून दोन इमेज ठेवतो, सिसप्रेपच्या आधीची कच्ची आणि नंतरची पक्की. अपडेट टाकायचे ते कच्चीवर, त्यातून दर वेळी नवीन पक्की काढायची. नाव द्यायला पहिल्या बूटला चालणारी छोटी स्क्रिप्ट आहे, ती पीसीचा सीरियल नंबर बघते आणि यादीतून नाव उचलते.

पक्की इमेज दाबून १७ जीबी झाली. बाराही एकदम करायचे असतील तर क्लोनझिलाच्या सर्व्हरवरून मल्टिकास्ट. आमचा नेटवर्कचा स्विच जुना, १०० एमबीपीएसचा, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला अकरा-साडेअकरा एमबी, १७ जीबीला साधारण पंचवीस मिनिटं. एकेक करत गेलं तर बाराला पाच तास, मल्टिकास्टमध्ये एकच प्रवाह सगळे एकदम ऐकतात म्हणून बाराही अर्ध्या तासात. पहिल्यांदा लावलं तेव्हा मात्र चार तास दाखवायला लागलं. मल्टिकास्टमध्ये सगळ्यात मंद जो असेल त्याच्यासाठी सगळे थांबतात, आणि ८ नंबरची केबल टेबलाच्या पायाखाली चेपून १० एमबीपीएसवर आली होती. केबल बदलली, अठ्ठावीस मिनिटांत सगळे. ही केबल किती महिने तशी होती कोण जाणे, मल्टिकास्ट लावलं नसतं तर कळलंही नसतं, ‘८ नंबर जरा स्लो आहे’ एवढंच सगळे म्हणायचे.

रोजच्या एखाद्या बिघाडाला पेन ड्राइव्ह. आधी विचार होता की प्रत्येक डिस्कवरच लपवलेल्या पार्टिशनमध्ये इमेज ठेवू, फास्ट होतं, पण ५ नंबरसारखी डिस्कच गेली की प्रतही तिच्याबरोबर गेली, त्यामुळे नको म्हटलं. काउंटरच्या खणात दोन पेन ड्राइव्ह आहेत, क्लोनझिला आणि इमेज दोन्ही त्यातच, लावा, एफ १२ दाबा, पेन ड्राइव्ह निवडा. आणि पुढे मी मुद्दाम एक प्रश्न ठेवलाय, की ह्या पीसीवरचं सगळं जाईल, करू का. पूर्ण आपोआप करता आलं असतं, पण एकदा पेन ड्राइव्ह लावलेलाच राहिला आणि कोणी रिस्टार्ट केलं तर चालू पीसी विनाकारण पुसला जाणार.

फ्रीजिंग परत आणलं. आमच्याकडे विंडोजची एज्युकेशन आवृत्ती होती, तिच्यात युनिफाइड राइट फिल्टर आधीपासून असतो, वेगळं सॉफ्टवेअर नको. डिस्कवर जे लिहिलं जातं ते तो बाजूच्या ओव्हरलेत ठेवतो आणि रिस्टार्टला फेकून देतो. पण हा ओव्हरले मुळात रॅममध्ये आणि १ जीबीचा असतो, आणि पहिल्याच आठवड्यात कोणीतरी मोठा व्हिडिओ डाउनलोड केला, ओव्हरले भरला, पीसी हँग. ओव्हरले डिस्कवर नेला आणि मोठा केला. अपडेटसाठी आठवड्यातून एक रात्र राखून ठेवली, जी पूर्वीच ठेवायला हवी होती. पीसी डोमेनमध्ये (सगळ्यांचं लॉगिन एका सर्व्हरवरून) असतील तर आणखी एक बघावं लागतं, विंडोज दर ३० दिवसांनी मशीनचा स्वतःचा पासवर्ड बदलतं, फ्रीज केलेला किंवा जुन्या इमेजवरून आलेला पीसी जुनाच पासवर्ड घेऊन उभा राहतो आणि लॉगिनला ‘ट्रस्ट रिलेशनशिप’ची एरर येते, ते बदलणं पॉलिसीने थांबवता येतं. आम्ही डोमेनमध्ये नाही, वाचलो.

वॉलपेपरवर आता मोठ्या अक्षरात आहे: ‘इथे सेव्ह केलेलं रिस्टार्टनंतर राहत नाही. जाताना मेल करा किंवा पेन ड्राइव्हवर घ्या.’ ताई बसवतानाच तोंडी सांगतात, कारण वॉलपेपर कोणी वाचत नाही. ती मुलगी परत आली होती, तिने रिपोर्ट घरी बसून परत लिहिला, आता पेन ड्राइव्ह गळ्यात अडकवलेला असतो.

बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून, प्रिंट करून, एका फायलीत लावलंय. नऊ जुन्या पीसींचे सेल एकदमच बदलले, एकाच वयाचे आहेत, एक गेला की बाकीचे रांगेत. आणि आता पीसी सुरू होत नसेल तर पेन ड्राइव्ह लावायच्या आधी दोन गोष्टी बघायच्या, बायोसमधली तारीख आणि साटा मोड, हे फायलीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने.

इमेजच्या दोन प्रती आहेत, एक वाचनालयात आणि एक बाहेर. पण २०१७ च्या जानेवारीत गिटलॅब ह्या सॉफ्टवेअर कंपनीचा डेटाबेस चुकून पुसला गेला तेव्हा त्यांच्याकडेही बॅकअपचे पाच प्रकार होते आणि ऐनवेळी एकही धड कामाला आला नाही, त्यांनीच ते जाहीर लिहिलंय, त्यामुळे नुसत्या प्रती मोजून मला आता बरं वाटत नाही. महिन्यातून एकदा बंद व्हायच्या वेळी चिठ्ठी काढतो, जो नंबर निघेल तो पीसी पुसून परत उभा करायचा, घड्याळ लावून, आणि करणार ताई, मी नाही. पहिल्या वेळी ५२ मिनिटं लागली, त्यातली वीस एफ १२ नेमकं कधी दाबायचं ह्यात. सूचनांचा कागद त्यांनी स्वतः परत लिहिला, माझ्या कागदावरचे निम्मे शब्द काढून टाकले.

परवा वही चाळताना एक नोंद दिसली, मला कोणी फोन केलाच नव्हता. ताईंचं अक्षर: ‘७ नंबर. तारीख बरोबर, साटा बरोबर. ११.०५ ते ११.२३. चालू. माऊस पण बदलला.’